सेक्शनचे नाव बदलले आणि तक्ता हरवला : असेंब्लीतील सेक्शनचे फ्लॅग व टाइप

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेत भट्ट्यांचे तापमान-नियंत्रक तयार होतात आणि त्यांचे फर्मवेअर मी सांभाळतो. गेल्या काही वर्षांत एकच दुखणे आमच्याकडे तीनदा वेगवेगळ्या वेषांत आले. एखादी असेंब्ली फाइल एका प्रकल्पात निर्वेध चालते आणि तीच फाइल, एका अक्षराचाही बदल न करता, दुसऱ्या प्रकल्पात घातली की बोर्ड भलतेच आकडे दाखवू लागतो. असेंब्लर (असेंब्लीचे यंत्रसंकेत करणारा प्रोग्राम) काही बोलत नाही, लिंकरही (ते तुकडे जोडून पत्ते देणारा प्रोग्राम) काही बोलत नाही. दांडिया बाजारात संध्याकाळी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांनाही लिनक्सवर हेच भेटले, तेव्हा सगळे एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

खालील विवेचन ग्नू असेंब्लर व एल्फ स्वरूपाच्या ऑब्जेक्ट फाइलींना लागू आहे. ऑब्जेक्ट फाइल म्हणजे असेंब्लरने दिलेला, अजून न जोडलेला तुकडा, आणि तिच्यातील नाव दिलेला प्रत्येक विभाग म्हणजे सेक्शन. विंडोजच्या किंवा मॅकच्या ऑब्जेक्ट फाइलींत त्याच निर्देशाची अक्षरे व अर्थ वेगळे आहेत, त्यामुळे तेथे हे नियम जसेच्या तसे वापरू नयेत. निर्देशांच्या ओळी येथे देवनागरीत दिल्या आहेत. फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या आहेत.

घडले असे. थर्मोकपलच्या व्होल्टेजवरून तापमान काढण्यासाठी आमच्याकडे चार-चार बाइटच्या पूर्णांकांचा एक तक्ता आहे. तो पूर्वी पुढील सेक्शनमध्ये होता (रोडेटा म्हणजे केवळ वाचायचा डेटा) :

.सेक्शन .रोडेटा.कॅलिब

उत्तरायणाच्या सुट्टीच्या आधी एका धाकट्या सहकाऱ्याने नावे एकसारखी करताना मधला बिंदू काढून अंडरस्कोर घातला :

.सेक्शन .रोडेटा_कॅलिब

त्याच्या प्रकल्पात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. सुट्टीनंतर तीच फाइल नव्या बोर्डाच्या प्रकल्पात गेली आणि तक्त्याची पहिली नोंद, जी शून्य असायला हवी होती, ती ५३,६८,९१,३९२ अशी वाचली जाऊ लागली. आम्ही अर्धा दिवस अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतरकावर संशय घेण्यात घालवला, हे कबूल करायला हरकत नाही.

हा आकडा यादृच्छिक नाही. तो हेक्समध्ये लिहिला की २०००५००० होतो. एआरएम कुटुंबातील ज्या कॉर्टेक्स-एम ३ चिपवर हे चालले होते तिची रॅम हेक्स २००००००० या पत्त्यापासून सुरू होते आणि ती २० किलोबाइटची आहे. म्हणजे हा आकडा रॅमच्या शेवटाचा पत्ता, अर्थात स्टॅकची आरंभीची जागा आहे. कॉर्टेक्स-एममध्ये व्हेक्टर टेबलच्या पहिल्या शब्दात स्टॅकचा आरंभ-पत्ता असतो व दुसऱ्या शब्दात रीसेट झाल्यावर जेथे उडी मारायची तो पत्ता. तक्त्याची दुसरी नोंद पाहिली तेव्हा ती १३,४२,१७,७२८ पेक्षा, म्हणजे फ्लॅशच्या (प्रोग्राम कायम साठवणाऱ्या स्मृतीच्या) आरंभापेक्षा, किंचित मोठी आणि विषम निघाली. रीसेटचा पत्ता असाच दिसतो, कारण थम्ब संकेतांची (एआरएमच्या आखूड सूचनांतील कोडची) खूण म्हणून त्याचा शेवटचा बिट १ असतो. आमचा प्रोग्राम तक्त्याऐवजी शून्य पत्त्यावरचे व्हेक्टर टेबल वाचत होता. या चिपवर फ्लॅशमधून बूट केल्यास फ्लॅशचेच प्रतिबिंब शून्य पत्त्यावर दिसते, म्हणून प्रोग्राम कोसळलाही नाही. कोसळला असता तर तपास लवकर संपला असता.

लिनक्सवर हाच दोष वेगळा चेहरा घेऊन येतो. हल्ली बहुतेक वितरणांत प्रोग्राम कुठल्याही पत्त्यावर बसू शकेल अशा रीतीने लिंक होतो. अशा प्रोग्रामचा शून्य पत्ता म्हणजे त्याच्याच एल्फ शीर्षाची पहिली जागा. आमच्या एका विद्यार्थ्याच्या तक्त्याची पहिली नोंद १,१७,९४,०३,६४७ अशी आली होती. एल्फ फाइलचे पहिले चार बाइट, म्हणजे हेक्स ७एफ आणि त्यापाठोपाठ ई, एल, एफ ही अक्षरे, लिटल-एंडियन पूर्णांक म्हणून वाचले की नेमका हाच आकडा येतो. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. प्रोग्राम स्थिर पत्त्यावर लिंक केलेला असेल, तर शून्य पत्त्याचे पान मुळात उपलब्धच नसते आणि तो सेगमेंटेशन फॉल्ट देऊन थांबतो.

तक्ता शून्य पत्त्यावर गेला कसा

सेक्शनचे नाव हे केवळ नाव आहे. त्या सेक्शनचे पुढे काय करायचे हे लिंकर ठरवतो ते सेक्शन हेडरमधील दोन वेगळ्या रकान्यांवरून : एक टाइप व दुसरा फ्लॅग. मात्र आपण फ्लॅग लिहिलेच नाहीत, तर असेंब्लर नावावरून अंदाज बांधतो. टेक्स्ट (संकेत), डेटा, बीएसएस (आरंभी शून्य असणारा डेटा), रोडेटा अशी काही नावे त्याला ठाऊक आहेत, आणि त्या नावांपुढे बिंदू देऊन आणखी काही जोडलेले असेल तरी तो ती ओळखतो. रोडेटा-बिंदू-कॅलिब त्याच्या ओळखीचे आहे. रोडेटा-अंडरस्कोर-कॅलिब त्याच्या दृष्टीने परके नाव आहे, आणि परक्या नावाला ग्नू असेंब्लर एकही फ्लॅग देत नाही. असे सेक्शन स्मृतीत बसवायचे नसते, त्यात लिहायचे नसते आणि ते चालवायचेही नसते. डीबगची माहिती जशी फाइलमध्ये पडून असते तसे ते पडून राहते. लिंकर अशा सेक्शनला शून्य पत्ता देतो, त्यातील लेबलांचे पत्ते शून्यापासून मोजतो, आणि त्या लेबलाचा उल्लेख करणाऱ्या सूचनेत तो पत्ता निमूटपणे भरतो. ऑब्जकॉपी या साधनाने चिपमध्ये भरायची बायनरी फाइल काढली की त्या सेक्शनचा मजकूर तिच्यात येतच नाही.

मग पहिल्या प्रकल्पात हे चालले कसे? तेथील लिंकर-स्क्रिप्टमध्ये (कोणता सेक्शन कोठे ठेवायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) रोडेटाच्या पुढे लगेच तारांकन होते, म्हणजे ‘रोडेटा या अक्षरांनी सुरू होणारे काहीही’. अंडरस्कोरवाले नाव त्या जाळ्यात सापडले आणि कंपायलरने दिलेल्या इतर रोडेटा सेक्शनांबरोबर एकाच आउटपुट सेक्शनमध्ये गेले. आउटपुट सेक्शनला त्यातील सर्व इनपुट सेक्शनांच्या फ्लॅगांची बेरीज मिळते. शेजाऱ्यांकडे स्मृतीत बसण्याचा परवाना होता, त्यामुळे हाही बसला. दुसऱ्या प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये रोडेटा आणि रोडेटा-बिंदू-तारांकन असे दोन काटेकोर नमुने होते. तेथे हा सेक्शन अनाथ ठरला, आणि अनाथ व फ्लॅगविरहित सेक्शनची जागा शून्य.

दोष असेंब्ली फाइलमध्ये होता, लक्षण लिंकर-स्क्रिप्टवर अवलंबून होते. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याचे मूळ येथे आहे : दरवेळी माणूस नव्या प्रकल्पाची स्क्रिप्ट दुरुस्त करतो, तेथील काम चालू होते, आणि सदोष फाइल तिसऱ्या प्रकल्पाची वाट पाहत राहते.

दुरुस्ती एका ओळीची आहे (ए म्हणजे स्मृतीत जागा घ्यावी, प्रोगबिट्स म्हणजे मजकूर फाइलमध्ये आहे) :

.सेक्शन .रोडेटा_कॅलिब, "ए", %प्रोगबिट्स

निदान कसे करावे

लिंक केलेल्या फाइलपासून नव्हे, तर ऑब्जेक्ट फाइलपासून सुरुवात करावी, कारण लिंक झाल्यावर शेजाऱ्यांचे फ्लॅग मिसळलेले असतात व मूळ दोष झाकला जातो. रीडएल्फ या साधनाला मोठ्या लिपीतील एस व डब्ल्यू हे पर्याय देऊन ऑब्जेक्ट फाइल वाचली की प्रत्येक सेक्शनची एक ओळ दिसते. तीत टाइपचा रकाना व ‘एफएलजी’ या मथळ्याचा रकाना पाहावा. आमच्या तक्त्याच्या ओळीत टाइप प्रोगबिट्स होता, आकार बरोबर होता आणि फ्लॅगचा रकाना कोरा होता. कोरा रकाना डोळ्यांना सहज निसटतो. मी स्वतः ती ओळ दोनदा वाचून पुढे गेलो होतो. ऑब्जडम्प वापरत असाल तर लहान लिपीतील एच या पर्यायाने हीच माहिती शब्दांत मिळते, आणि तेथे ‘अ‍ॅलॉक’ व ‘लोड’ हे शब्द नसणे अधिक ठळकपणे जाणवते.

त्यानंतर लिंकरचा मॅप (पत्त्यांची यादी) काढून तक्त्याच्या लेबलाचा पत्ता पाहावा. शून्याच्या आसपास असेल तर निदान पक्के झाले. लिंकरला अनाथ सेक्शनांबद्दल इशारा देण्याचा पर्यायही आहे. तो सुरू केला की कॉमेंट व डीबगच्या सेक्शनांबद्दलही तक्रारी येतात, त्यामुळे तीही नावे स्क्रिप्टमध्ये लिहावी लागतात. कटकट आहे, पण एकदाच करायची आहे.

अक्षरांबद्दल थोडेसे

दुहेरी अवतरणातील अक्षरे फाइलींच्या परवानग्यांसारखी दिसतात आणि तेथेच नवखा माणूस फसतो. वाचण्याचा असा वेगळा फ्लॅग येथे नाही. लहान ए म्हणजे चालताना स्मृतीत जागा घ्यावी. सेक्शन स्मृतीत आला की तो वाचता येतोच. लहान डब्ल्यू म्हणजे लिहिता यावे, लहान एक्स म्हणजे त्यातील सूचना चालवता याव्यात. हेडरमध्ये लिहिण्यासाठी १, स्मृतीसाठी २ व चालवण्यासाठी ४ हे बिट आहेत. एक्स दिला आणि ए विसरला, तर चालवण्याची परवानगी असलेला पण स्मृतीत नसलेला सेक्शन तयार होतो, आणि असेंब्लरला त्यात काही गैर वाटत नाही.

उलट, ए दिला व एक्स विसरला तर काय होते हे यंत्रावर अवलंबून आहे. लिनक्सवर ते पान केवळ वाचनीय म्हणून बसते व पहिल्याच सूचनेला प्रोग्राम मरतो. मेमरी प्रोटेक्शन युनिट न वापरणाऱ्या मायक्रोकंट्रोलरवर हाच संकेत बिनदिक्कत चालतो आणि चूक वर्षानुवर्षे टिकते. ती ओळखण्याची एक खूण आहे : ऑब्जडम्पचा लहान डी हा पर्याय केवळ चालवण्यायोग्य सेक्शनांचेच विघटन दाखवतो, त्यामुळे आपले फंक्शन यादीतून गायब दिसते. मोठ्या लिपीतील डी दिल्यावर ते दिसले, तर एक्स राहिला आहे असे समजावे.

मोठे एम व एस हे समान स्ट्रिंगा एकत्र करण्यासाठी असतात आणि त्यांच्याबरोबर टाइपनंतर घटकाचा आकारही द्यावा लागतो. असा सेक्शन लिंकर मोडून पुन्हा रचू शकतो, म्हणून दोन स्ट्रिंगा लागोपाठच असतील असे गृहीत धरणाऱ्या संकेतासाठी तो वापरू नये. मोठा टी हा थ्रेडनिहाय डेटासाठी असतो.

एआरएमवरील एक विशेष अडचण अशी की तेथे अ‍ॅट-चिन्हापासून टिप्पणी सुरू होते. लिनक्सच्या पीसीवरील उदाहरणांत टाइपच्या आधी अ‍ॅट-चिन्ह असते. ती ओळ जशीच्या तशी एआरएमच्या फाइलमध्ये चिकटवली की टाइप टिप्पणीत जातो व असेंब्लर तो वाचतच नाही. तेथे टक्क्याचे चिन्ह वापरावे.

नॅझम हा दुसरा असेंब्लर वापरणाऱ्यांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. परक्या नावाच्या सेक्शनला नॅझम स्मृतीत जागा देतो, मात्र लिहिण्याची व चालवण्याची परवानगी देत नाही. त्यामुळे नॅझममधून ग्नू असेंब्लरकडे आणलेली फाइल नेमकी येथे अडखळते. शिवाय नॅझममध्ये नावांची लहान-मोठी लिपी महत्त्वाची आहे : मोठ्या लिपीत लिहिलेला टेक्स्ट हा त्याच्या लेखी अनोळखी सेक्शन आहे, आणि मग त्यातील संकेत चालत नाही.

बायनरी फाइल ३८४ मेगाबाइटची झाली

हे टाइपच्या चुकीचे सर्वांत नाट्यमय रूप. त्याच कार्यशाळेत डीएमएसाठी (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट स्मृतीत डेटा नेणाऱ्या यंत्रणेसाठी) रॅममध्ये ८ किलोबाइटचा बफर हवा होता, आणि फाइलमध्ये ओळ होती :

.सेक्शन .डीएमएबफ, "एडब्ल्यू"

फ्लॅग बरोबर होते. टाइप लिहिला नव्हता, नाव अनोळखी होते, म्हणून असेंब्लरने प्रोगबिट्स हा टाइप गृहीत धरला. प्रोगबिट्सचा अर्थ, या सेक्शनचा मजकूर फाइलमध्ये आहे; येथे तो मजकूर म्हणजे ८ किलोबाइट शून्ये. स्क्रिप्टने सेक्शन रॅममध्ये ठेवला होता, पण त्याचा भरण-पत्ता (मजकूर जेथे साठवायचा तो पत्ता) फ्लॅशमध्ये दिला नव्हता. बायनरी फाइलमध्ये पत्ते नसतात, केवळ सलग बाइट असतात. त्यामुळे ऑब्जकॉपीने फ्लॅशच्या हेक्स ८०००००० या पत्त्यापासून रॅमच्या हेक्स २००००००० या पत्त्यापर्यंतची सगळी पोकळी शून्यांनी भरून काढली. या दोन पत्त्यांतील अंतर ४०,२६,५३,१८४ बाइट, म्हणजेच ३८४ मेगाबाइट आहे. फाइलचा आकार या घरात दिसला की फ्लॅश करण्याच्या साधनाला दोष देऊ नये. रॅममधील एखाद्या सेक्शनचा टाइप चुकला आहे.

.सेक्शन .डीएमएबफ, "एडब्ल्यू", %नोबिट्स

नोबिट्स म्हणजे जागा राखावी, फाइलमध्ये काही ठेवू नये. अशा सेक्शनमध्ये शून्याखेरीज दुसरे मूल्य लिहू पाहिल्यास असेंब्लर चूक दाखवतो, ही त्याची चांगली सवय. येथे दोन सावधगिऱ्या आहेत. लिनक्सवर नोबिट्सची जागा शून्य करून मिळते. मायक्रोकंट्रोलरवर मात्र आरंभीचा संकेत बीएसएसच्या दोन खुणांमधील जागाच शून्य करतो, त्या खुणांबाहेर ठेवलेला बफर वीज आल्यावर जे असेल तेच घेऊन येतो. दुसरे, बीएसएसच्या आउटपुट सेक्शनमध्ये एक जरी प्रोगबिट्स इनपुट शिरला, तरी संपूर्ण आउटपुट प्रोगबिट्स होतो. बीएसएस-अंडरस्कोर अशा नावाचा सेक्शन आणि स्क्रिप्टमधले सैल तारांकन एकत्र आले की हे घडते. बिंदू आणि अंडरस्कोर यांची तीच कथा येथेही आहे.

‘सेक्शनचे गुण बदलले’ ही तक्रार

त्याच फाइलमध्ये एका नावाचा सेक्शन दुसऱ्यांदा उघडताना फ्लॅग न लिहिल्यास पहिल्या वेळचेच चालू राहतात, आणि ते सोयीचे आहे. पण पहिल्यांदा फ्लॅगविना उघडला व नंतर पूर्ण लिहिला, तर जुने असेंब्लर नवे फ्लॅग दुर्लक्षित केल्याचा इशारा देत, नवे सरळ चूक दाखवून थांबतात. साधनसंच अद्ययावत केल्यावर जुनी फाइल अचानक थांबली, तर समाविष्ट केलेल्या एखाद्या मॅक्रो फाइलमध्ये तेच नाव आधी फ्लॅगविना आले आहे का ते शोधावे. वेगवेगळ्या फाइलींतील विसंगतीवर मात्र लिंकर बोलत नाही. तो फ्लॅगांची बेरीज करतो. एका फाइलने चुकून डब्ल्यू दिला तर सर्वांचा तो सेक्शन लिहिण्यायोग्य होतो.

याच बेरजेतून पुढचा इशारा येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बिनयुटिल्स (ग्नूचा असेंब्लर, लिंकर इत्यादींचा संच) २.३९ पासून लिंकर दोन गोष्टींबद्दल इशारा देतो : एखादा सेगमेंट (स्मृतीत एकत्र बसणारा सेक्शनांचा गट) एकाच वेळी लिहिण्यायोग्य व चालवण्यायोग्य आहे, आणि ग्नू-स्टॅक नावाचा टिपण-सेक्शन नसल्यामुळे स्टॅक चालवण्यायोग्य होत आहे. पहिल्यासाठी डब्ल्यू व एक्स कोठे एकत्र आले ते पाहावे. मायक्रोकंट्रोलरच्या प्रकल्पांत बहुधा ते लिंकर-स्क्रिप्टमध्ये सापडते. दुसरा लिनक्सवरील असेंब्लीचा नेहमीचा पाहुणा आहे. सी कंपायलर तो रिकामा सेक्शन स्वतः घालतो, हाताने लिहिलेल्या असेंब्लीत तो आपल्याला घालावा लागतो. आणि अशी एकच फाइल राहिली तरी पीसीवर संपूर्ण प्रोग्रामचा स्टॅक चालवण्यायोग्य होतो. फाइलच्या शेवटी एवढेच लिहावे :

.सेक्शन .नोट.ग्नू-स्टॅक, "", @प्रोगबिट्स

येथे अवतरणे रिकामी आहेत, आणि तीच मुद्द्याची गोष्ट आहे : एक्स नाही, म्हणजे चालवण्यायोग्य स्टॅक नको. लिंकरला पर्याय देऊन इशारा बंद करता येतो, परंतु तो पर्याय त्या एका प्रकल्पापुरता असतो आणि फाइल पुढे दुसरीकडे जाते.

फ्लॅग व टाइप दोन्ही बरोबर असूनही एआरएमवर हार्ड फॉल्ट येत असेल, तर सेक्शनचा नव्हे, चिन्हाचा (लेबलाचा) टाइप तपासावा. थम्ब संकेतातील फंक्शनच्या लेबलाला फंक्शन हा टाइप दिला नाही, तर लिंकर त्याच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ करत नाही, आणि रजिस्टरमार्फत त्या सम पत्त्यावर उडी मारताच प्रोसेसर फॉल्ट देतो. लक्षण सारखे दिसते, कारण वेगळे.

ऑब्जकॉपीने तयार ऑब्जेक्ट फाइलचे फ्लॅग नंतर बदलता येतात. स्रोत हाताशी नसलेल्या फाइलसाठी तो उपाय ठीक आहे. आपल्याच फाइलसाठी तो वापरणे मला पटत नाही, कारण बदल मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) राहतो आणि चूक स्रोतात.

आम्ही आता मेकफाइलमध्ये एक तपास बसवला आहे. असेंब्ली झाल्यावर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलचे रीडएल्फ घ्यायचे, आणि ज्या सेक्शनचा टाइप प्रोगबिट्स आहे, आकार शून्य नाही, फ्लॅगचा रकाना कोरा आहे व ज्याचे नाव डीबगने सुरू होत नाही, असा एकही आढळला तर बिल्ड तेथेच थांबवायचे. ग्नू-स्टॅकचा सेक्शन शून्य आकाराचा असल्यामुळे या चाळणीतून सुटतो. तपास सुरू केला त्या दिवशी नव्या बोर्डाचा प्रकल्प सुरळीत पार पडला. बिल्ड अडले ते जुन्या, कधीही न बिघडलेल्या प्रकल्पात, दोन सेक्शनांवर, आणि दोन्हींच्या नावांत अंडरस्कोर होता.